ड्रोव्हरची बायको : तिचं नाव काय?

घरात आपल्याला कुणी आई म्हणतं, कुणी वहिनी, कुणी काकू. आपलं स्वतःचं नाव दिवसातून किती वेळा कानावर पडतं? ऑस्ट्रेलियातल्या एका अतिशय गाजलेल्या कथेतल्या बाईला तर नावच नाही!

ती कथा म्हणजे हेन्री लॉसनची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’. सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात ती १८९२ साली आली. ड्रोव्हर म्हणजे गुरंमेंढरं लांबलांब हाकत नेणारा. नवरा असा महिनोन् महिने बाहेर आणि ही रानातल्या दोन खोल्यांच्या घरात चार पोरांना घेऊन एकटी. घरात साप शिरतो. पोरांना टेबलावर निजवून, कुत्र्याला सोबतीला घेऊन ती रात्रभर जागते. दर रविवारी मात्र नीटनेटकी होऊन, बाबागाडी ढकलत ती निर्मनुष्य वाटेवर फिरायला जाते. विरंगुळा काय, तर बायकांचं एक मासिक! खुद्द लॉसनच्या आईने, लुइसाने, १८८८ साली ‘द डॉन’ हे स्त्रियांचं मासिक काढलं आणि १९०५ पर्यंत चालवलं. त्याची छपाईही बायकाच करीत.

बार्बरा बेंटनने या एकटेपणातली भीती झाकून ठेवली नाही. तिच्या कथेत तान्ह्या मुलासह एकट्या राहणाऱ्या बाईला एक भटक्या ठार मारतो. भीती वाटते म्हटल्यावर नवऱ्याने तिची टिंगलच केलेली असते. १८९६ साली ‘बुलेटिन’ने ही कथा काटछाट करून छापली आणि नाव दिलं ‘द ट्रॅम्प’, म्हणजे भटक्या. मेली बाई, नाव मात्र मारेकऱ्याचं! पुढे १९०२ साली ‘बुश स्टडीज’ या संग्रहात बेंटनने ती ‘द चोझन व्हेसल’ या नावाने दिली.

लॉसनच्या बाईला नाव मिळायला १९७५ साल उजाडलं. मरे बेलच्या कथेत ती ‘हेझल’ झाली. पण बोलतो कोण, तर तिने सोडलेला नवरा! १९८० साली बार्बरा जेफरिसने तिला स्वतःच बोलायला लावलं. पुरुषांनी आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय, याचा ती चांगलाच समाचार घेते. लीया पर्सेल ही आदिवासी लेखिका-अभिनेत्री त्याही पुढे गेली. तिच्या २०१६ च्या नाटकात आणि २०२१ च्या चित्रपटात ही बाई आदिवासी आहे, आणि चित्रपटात तिला मॉली जॉन्सन असं नाव आहे.

फ्रँक मूरहाउसने २०१७ साली या बाईवरच्या कथा आणि लेख ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ याच नावाच्या पुस्तकात एकत्र केले. असा संग्रह वाचण्यात वेगळीच गंमत असते. एकटी लॉसनची कथा वाचली, तर ‘किती सोशीक बाई!’ म्हणून आपण पान उलटतो. पाठोपाठ जेफरिसची वाचली, की तिला विचारलं होतं का कुणी, हा प्रश्न पडतो. तेव्हा हे पुस्तक मिळालं, तर आधी लॉसन वाचा आणि लगेच जेफरिस.