सागाची पाने कोण खाते?

पालघरहून मनोरकडे जाताना साग दिसू लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटलेली त्याची कोवळी पालवी एखाद्या वर्षी आठवडाभरात नाहीशी होते. उरतात फक्त जाड शिरा. झाडाखाली उभे राहिले, तर पाऊस भुरभुरल्यासारखा आवाज येतो. तो असतो अळ्यांच्या लेंड्या वाळक्या पानांवर पडण्याचा. मग गावकरी शिक्षकांना विचारतात, ‘गुरुजी, झाडे मेली का? औषध फवारायचे का?’

उत्तर देण्यापूर्वी या अळीचे जीवनचक्र पाहू. हिच्या पतंगाचे शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. बसलेला असताना त्याचे करड्या-तपकिरी रंगाचे पुढचे पंखच दिसतात. मागचे काळे पंख व त्यांवरचे नारिंगी पट्टे झाकलेले राहतात. मादी कोवळ्या पानांवर सुमारे ५०० अंडी सुटी सुटी घालते. दोन दिवसांत अळी बाहेर पडते, पानाची कड कातरून दुमडते, रेशमी धाग्याने शिवते आणि त्या घडीत लपून पान खाते. दहा-बारा दिवसांत चार वेळा कात टाकून ती धाग्यावरून खाली उतरते व पालापाचोळ्यात कोषावस्थेत जाते. आठवडाभराने पतंग बाहेर येतो. म्हणजे सारे चक्र सुमारे तीन आठवड्यांचे!

माहीमच्या किनाऱ्याकडे सागाचे रान नाही, पण खाडीत तिवर आहे. हीच अळी तिवराची पानेही खाते. मुंबई परिसरात तिवरांवर तिच्या धाडी नोंदल्या गेल्या आहेत.

आता गावकऱ्यांचा प्रश्न. झाडे सहसा मरत नाहीत. नवी पालवी फुटते. मात्र त्यात साठवलेले अन्न खर्च होते व वाढ खुंटते. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या लागवडीत केलेल्या अभ्यासात लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाल्याचे आढळले. नुकसान खरेच आहे. पण झाड ओकेबोके दिसते तोवर बहुतेक अळ्या जमिनीत उतरलेल्या असतात. तेव्हा फवारलेले विष अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांनाच मारते. याच अळीला मारणारा एक विषाणूही निसर्गात आहे. त्याने मेलेल्या अळ्या मऊ पडून पानांवर लोंबतात. त्यावर आधारित फवारा त्याच संस्थेने तयार केला आहे.

वर्गात एवढे करा: रुंद तोंडाच्या बरणीत थोडी माती, पाचोळा व चार अळ्या ठेवा. तोंडाला फडके बांधा, रोज कोवळी पाने द्या आणि तारखा लिहा. मग मुलांना विचारा, भरतीचे पाणी चढणाऱ्या खाडीत ही अळी कोष कुठे करत असेल? उत्तर सांगू नका; ओहोटीला तिवराकडे घेऊन जा.