कॉली की कारवान?

लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी असते. सावज हेरायचं, त्याच्यावर नजर रोखायची, दबकत पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, झडप घालायची, मारायचं आणि फाडून खायचं. माणसानं कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीच्या काही कड्या बळकट केल्या, काही जवळजवळ निजवून टाकल्या. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांची ही मांडणी कळल्यापासून कुठलाही कुत्रा पाहिला की मी त्याच्यात जाग्या असलेल्या कड्या शोधू लागतो.

‘चपळ कुत्रा हवाय’ म्हणणाऱ्यानं बॉर्डर कॉली आणि आपला कारवान यांच्यात निवड करताना हेच पाहावं. दोघेही चपळच, पण एकाची चपळाई दुसऱ्याच्या कामाची नाही.

बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा, मेंढ्या वळवणारा. त्याच्यात नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग एवढंच तीव्र झालं आणि चावा मागे पडला. मेंढपाळ त्याच्या या रोखलेल्या नजरेला नुसतं ‘डोळा’ म्हणतात. कॉली भुंकत नाही, अंगावर जात नाही. मान खाली घालून बघत राहतो आणि अख्खा कळप वळतो! मेंढीला त्या नजरेत लांडगा दिसतो, पण लांडग्याचा दात तिला कधी लागत नाही. आजचे जवळपास सगळे बॉर्डर कॉली ज्याच्यापर्यंत आपला वंश नेतात तो ओल्ड हेम्प 1893 साली नॉर्थंबरलंडमध्ये जन्मला. तो असाच अबोलपणे काम करायचा.

मालकाची शीळ दूरवरून ऐकून क्षणात दिशा बदलायची, तर डोकंही तसंच लागतं. अमेरिकेतले मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी चेझर नावाच्या कॉली कुत्रीला 1022 खेळण्यांची नावं शिकवली. तिला ‘चेंडू’ म्हणजे एक विशिष्ट वस्तू नव्हे, तर चेंडूंचा सगळा वर्गच, हेही उमगलं होतं. 2011 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. पण त्यासाठी पिली रोज चार-पाच तास तिच्याबरोबर घालवत, हे विसरू नये. या मेंदूला काम दिलं नाही तर तो स्वतः काम शोधतो: घरातल्या मुलांना घेरणं, दुचाकींमागे धावणं, भिंतीवरच्या सावलीकडे तासन्‌तास टक लावणं. त्याला नुसतं दमवून भागत नाही. रोज दमवलेला कॉली उलट आणखी तयारीचा होतो.

कारवानची गोष्टच निराळी. दख्खनच्या उघड्या माळरानावर सशामागे सुटणारा हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांवर शिकार करतो. त्याच्यात पाठलाग आणि झडप पुरेपूर जागी आहे. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लवचीक पाठ. भरधाव दौडीत एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात: एकदा पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढे-मागे ताणलेले. चित्ताही असाच धावतो. ही दौड फार वेळ टिकत नाही. म्हणूनच मनसोक्त धावून आलेला कारवान उरलेला दिवस खुशाल झोपून काढतो, आणि आखूड केसांमुळे आपला उन्हाळाही त्याला कॉलीपेक्षा सोसतो.

मात्र डोळ्यांपुढून मांजर पळालं की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. याला बेशिस्त म्हणणं अन्याय ठरेल, कारण हाकेसाठी मागे वळणारा शिकारी माळावर उपाशी राहिला असता. तो अनोळखी माणसाला अंगाला हात लावू देत नाही, आज्ञा ऐकायलाही कॉलीसारखा आसुसलेला नसतो. (ससा हा संरक्षित प्राणी आहे, त्याची शिकार आता गुन्हा आहे, त्यामुळे ही दौड फक्त दौडच राहायला हवी.)

तेव्हा तुमच्या घरात रोज कुणाला काहीतरी शिकवण्यात, वस्तू लपवून शोधायला लावण्यात, अडथळ्यांच्या शर्यतीत खरंच रस असेल तरच कॉली आणा. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराला मी कारवान सुचवेन, पण घराजवळ कुंपणाचं मैदान असेल आणि सकाळ-संध्याकाळ तिथं न्यायला कुणी असेल तरच. इतर ठिकाणी त्याचा पट्टा हातातून सोडायचा नाही. आणि घरात आधीपासून मांजर असेल तर कारवानचा विचार सोडून द्या.