मांडव उतरतो, फोटो राहतो



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. एका लग्नात सोयाबीनचे अख्खे पीक खपते, कधी पुढच्या हंगामाचेही खपते. लग्नानंतर आठ दिवसांनी ओसरीवर बसून हिशेब केला तर काय दिसते? मांडव उतरला, त्याचे भाडे गेले. पंगती उठल्या. आचारी, बँडवाला, घोडेवाला आपापले पैसे घेऊन गेले. फटाक्यांचा धूर त्याच रात्री विरला. लेक सासरी गेली. घरात मागे राहिली चार भांडी, थोडे कापडचोपड आणि फोटो. कापड विरते, भांडी मोडीत जातात. तीस वर्षांनी नातवंडांपुढे ठेवावे असे एकच उरते, ते म्हणजे फोटो.

असे असून फोटोवाला आपण सर्वांत शेवटी ठरवतो. पत्रिका वाटून झाल्या की कुणाला तरी आठवण होते, मग जो मोकळा आणि स्वस्त असेल त्याला सांगावा जातो. अलीकडे तर ‘पोरांकडे मोबाइल आहेत की, वेगळा माणूस कशाला?’ असेही ऐकू येते.

मी शेतकी खात्यातला माणूस, फोटोचा धंदा माझा नव्हे. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांतून हिंडण्यात माझी नोकरी गेली. पिकाची पाहणी झाली, चहा झाला की घरातली माऊली लग्नाचा अल्बम पुढे ठेवते. असे शेकडो अल्बम मी पाहिले. त्यातून जे ध्यानात आले ते आपल्यासमोर मांडतो.

सगळेच ताठ, सगळेच गंभीर

पुष्कळ अल्बम एकाच साच्यातले असतात. नवरा-नवरी खुर्चीवर, मागे पाहुण्यांची रांग, सगळ्यांची नजर समोर. पान उलटले की तेच दोघे, फक्त मागची माणसे बदललेली. शंभर फोटोंपैकी नव्वद स्टेजवरचे. लग्न मात्र स्टेजच्या खालीच झालेले असते!

ही ताठ उभे राहण्याची सवय कुठून आली, हे समजून घेण्याजोगे आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. त्या सुरुवातीच्या काळात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला फार वेळ लागे. तेवढा वेळ माणूस हलला की चेहरा पुसट होई. म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावून माणसाला जखडून बसवत. हसणारा माणूस स्थिर राहत नाही, म्हणून हसूही नको. पुढे कॅमेरे सुधारले, पण फिल्म महाग होती. आपल्याकडच्या जुन्या ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात रोल घातला की बारा फोटो निघत. बारा फोटोंत लग्न उरकायचे तर फोटोवाला ‘हलू नका’ म्हणणारच. त्याचा दोष नव्हता.

आता मात्र रोल राहिला नाही. आजच्या कॅमेऱ्यात एका दिवसात हजार-दोन हजार फोटो काढता येतात आणि क्षणाच्या शंभराव्या भागात चित्र उमटते. अडचण गेली, सवय तेवढी राहिली. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी हातातला कासरा न सोडण्यासारखे हे झाले.

न थांबवता काढलेला फोटो

शहरात या प्रकाराला ‘कॅन्डिड’ म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. माणसे आपापल्या कामात, आपापल्या आनंदात असताना, त्यांना न थांबवता काढलेला तो फोटो. हळद लावताना हसणाऱ्या जावा. अंतरपाट धरलेला असताना त्याच्या खालून नवरदेवाचे पाय पाहणारी लहान पोर. मामाने भाचीला बोहल्याकडे आणतानाचा त्याचा चेहरा. पंगतीत वरण वाढत धावणारी भावकीतली पोरे. चुलवणावर मोठे पातेले उतरवणारे चार जण. आणि पाठवणीच्या वेळी गर्दीपासून दूर, गोठ्याशी उभा राहिलेला बाप.

हा शेवटचा फोटो ‘जरा इकडे बघा, हसा’ म्हणून काढता येत नाही. तो दोन-तीन सेकंद समोर असतो आणि जातो. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी पंडित नेहरूंचा कबूतर सोडतानाचा फोटो काढला, तो आजही लोकांच्या लक्षात आहे. तिथेही हाताखाली कॅमेरा तयार आणि नजर जागेवर असावी लागते. जाणत्या माणसाला पैसे द्यायचे ते याच नजरेचे. कॅमेरा कुणीही विकत घेतो. कोणता क्षण येणार आहे आणि आपण कुठे उभे राहावे, हे शंभर लग्ने पाहिलेल्यालाच कळते.

मोबाइलला मी नावे ठेवत नाही. पण मोबाइल हातात असलेला भाचा हा घरचा माणूस. त्याने पाहुणे पाहायचे, पाणी द्यायचे, अक्षता टाकायच्या. शिवाय अक्षता पडताना वीस जण मोबाइल उंच करून पुढे सरकतात, मग नवरीचा चेहरा कुणालाच दिसत नाही. वडीलधाऱ्यांनी मंगलाष्टकांच्या आधी एकदा सांगावे, ‘मंडळी, पाच मिनिटे मोबाइल खिशात ठेवा.’ लोक ऐकतात.

बायामाणसांची सोय

हळदीच्या खोलीत, नवरी तयार होत असताना परका पुरुष नको वाटतो, आणि त्यामुळे घरातल्या बायकांचे फोटोच निघत नाहीत. ही अडचण नवी नाही. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. आत फक्त बायकाच. सव्वाशे वर्षांपूर्वी जे सुचले ते आज आपल्याला अवघड नसावे. फोटोवाल्याच्या हाताखाली एखादी मुलगी काम करते का, हे विचारा. गावातली शिकलेली मुलगी हे काम शिकली तर तिलाही एक धंदा मिळेल.

बैल पाहता तसा फोटोवाला पाहा

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जनावर घेताना आपण काय करतो? देवणी असो की लाल कंधारी, दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. झुलीवर भुलत नाही. फोटोवाल्याच्या दुकानातला मोठा चकचकीत फोटो म्हणजे झूल समजा. त्याला म्हणा, ‘एका लग्नाचा अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दाखवा.’ निवडक दहा फोटो कुणाचेही चांगले निघतात. त्या अल्बममध्ये म्हाताऱ्या माणसांचे, लेकरांचे, काम करणाऱ्यांचे चेहरे आहेत का पाहा. रात्रीच्या वरातीचे फोटो पाहा, कारण अंधारात काम करणे अवघड आणि तिथेच कसब कळते.

ठरले की सगळे कागदावर घ्या. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसे येणार, अल्बम किती पानांचा, किती दिवसांत मिळणार, विसार किती आणि बाकी केव्हा. सगळे मूळ फोटो पेन ड्राइव्हवर देणार का, हेही लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. आपल्या लेकीसुनांचे फोटो विचारल्याशिवाय जाहिरातीत किंवा मोबाइलवर फिरवू नयेत, असेही एक वाक्य घाला. चांगला व्यावसायिक याला हरकत घेत नाही.

त्याच्या कामाला घरच्यांचा हातभार

पेरणीला वाफसा लागतो, तसा फोटोला उजेड लागतो. मे महिन्यात भर दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. मांडवाचे कापड लाल किंवा निळे असले की तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो आणि नवरीची हळदसुद्धा हिरवट दिसते. बोहल्यावर पांढरे किंवा फिकट कापड लावा आणि एक बाजू उजेडासाठी मोकळी ठेवा. याला जादा खर्च नाही. गोरज मुहूर्त असेल तर फारच छान, त्या वेळचा उजेड मऊ असतो.

घरातला एक जाणता माणूस फोटोवाल्याजवळ द्या. ‘ही आत्या, हे थोरले मामा, ही नवरीला वाढवणारी आजी’ असे त्याने सांगायचे. परक्या माणसाला नाती कशी कळणार? सगळ्या भावकीचा एक रांगेतला फोटो हवाच, तो काढा. पण त्याला अर्धा तास द्या, अर्धा दिवस नको. बाकीच्या वेळी त्याला हिंडू द्या, ‘इकडे ये, तिकडे ये’ करू नका. आणि त्याला वेळेवर जेवू घाला. सकाळपासून उभा असलेला तोही एक कामकरी माणूस आहे.

एक गोष्ट मला जुन्या अल्बमांत नेहमी खटकते. सालगडी, शेजारी, मांडव घालणारे, भाकरी थापणाऱ्या बाया दिवसभर राबलेल्या असतात आणि अल्बममध्ये त्या कुठेच नसतात. आमदारसाहेबांचे मात्र चार फोटो असतात. फोटोवाल्याला मुद्दाम सांगा की ही माणसेही हवीत. लग्न त्यांच्याच खांद्यावर उभे राहते.

खर्चाचे काय?

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आधीच कंबर मोडली, त्यात हे! माझे सांगणे खर्च वाढवण्याचे नाही, खर्चाची जागा बदलण्याचे आहे. डीजे एका रात्रीचा, फटाके पाच मिनिटांचे, चौकातला फलक आठ दिवसांचा. त्यातले एक कमी केले तरी जाणत्या फोटोग्राफरची मजुरी निघू शकते. लग्नाआधी लांब कुठे तरी जाऊन भाड्याच्या कपड्यांत फोटो काढण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यासाठी तर एक रुपयाही उसना काढू नका. आपल्या शेतातल्या हुरड्याला आलेल्या ज्वारीत काढलेला फोटो फुकट आहे आणि खराही आहे. ड्रोन, मोठा पडदा, छत्तीस इंची करिझ्मा अल्बम यांवाचूनही अडत नाही. एक चांगला माणूस, पूर्ण दिवस आणि साधा अल्बम एवढे पुष्कळ झाले. सावकाराच्या दारात जाऊन काढलेला फोटो बघवत नाही, हेही तितकेच खरे.

जपणूक

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर जिल्हा विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे झोपली आणि चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरातली दगडमातीची, माळवदाची घरे कोसळली. हजारो माणसे गेली. घरांबरोबर ट्रंका, पेट्या आणि भिंतीवरच्या तसबिरीही मातीखाली गेल्या. ज्या घरातली माणसे गेली आणि त्यांचा फोटोही गेला, त्या घरातल्या लेकराला आईचा चेहरा दाखवायचा कशावरून? अशा वेळी दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीच्या पेटीत एखादी प्रत असेल तर तेवढीच उरते.

म्हणून फोटो एका जागी ठेवू नका. एक प्रत घरी, एक लेकीच्या सासरी, एक शहरात राहणाऱ्या भावाकडे. पेन ड्राइव्ह कायमचा टिकत नाही, चार-पाच वर्षांनी त्यातले फोटो नव्यावर उतरवून घ्या. मोबाइलवर विसंबू नका, तो हरवतो, पाण्यात पडतो. निवडक चाळीस-पन्नास फोटो कागदावर छापून घ्याच. वीज नसली तरी कागद दिसतो. अल्बम ओलीच्या भिंतीजवळ ठेवू नका, पावसाळा संपला की सावलीत उघडून ठेवा. बियाण्याला जशी ओल आणि कीड वाईट तशी फोटोलाही. प्रत्येक फोटोच्या मागे साध्या पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. जुन्या फोटोतले ‘हे कोण?’ सांगणारी माणसे असतात तोवरच ते काम होते.

तुळशीचे लग्न लागले की यंदाच्या तिथी सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आचारी आणि मांडववाला ठरवतानाच फोटोवालाही ठरवावा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा एक चांगला, हसरा फोटो त्या दिवशी निघेल एवढे नक्की पाहावे. बाकीचे फोटो पुढच्या कार्यातही काढता येतील. त्या माणसाचा मात्र पुढच्या कार्यात निघेलच असे नाही.