रक्ताच्या मूलपेशी आणि संगणकाचे गणित

मानवी शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लक्ष तांबड्या रक्तपेशी नव्याने तयार होतात. या अखंड निर्मितीचे मूळ अस्थिमज्जेतील, संख्येने अत्यल्प अशा मूलपेशींत आहे. रक्तातील आनुवंशिक दोष कायमचा दूर करावयाचा असेल, तर दुरुस्ती या मूलपेशींतच करावी लागते.

जनुकोपचारात रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत निर्दोष जनुक घातला जातो आणि त्या शिरेवाटे परत दिल्या जातात. त्यांपैकी किती पेशी अस्थिमज्जेत रुजतील व किती काळ टिकतील, हे मात्र प्रत्यक्ष पाहता येत नाही.

पॅरिसचा अनुभव

१९९९ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर हा उपचार सुरू झाला. बहुतेकांना जीवदान लाभले. तथापि, पॅरिस व लंडन येथील अशा २० बालकांपैकी ५ जणांना पुढील काही वर्षांत रक्ताचा कर्करोग जडला. नवा जनुक पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकाजवळ बसल्याने त्या पेशीचा वंश बेसुमार वाढला होता.

पेशींची वंशावळ

नवा जनुक प्रत्येक पेशीत रंगसूत्राच्या निरनिराळ्या जागी बसतो आणि ती जागा पेशीच्या सर्व संततीत कायम राहते. साहजिकच ती त्या वंशाची खूण ठरते. रक्त वेळोवेळी तपासून कोणता वंश किती वाढला, हे मोजता येते. परंतु नळीभर रक्तात सर्व वंश सापडत नाहीत. ही उणीव गणिताने भरून काढावी लागते.

टोरांटो येथील टिल, मॅक्युलॉक व सिमिनोविच यांनी १९६४ मध्येच या गणिताचा पाया घातला. मूलपेशी स्वतःसारखी पेशी निर्माण करील की परिपक्व होईल, हे त्यांनी संगणकावर संभाव्यतेच्या नियमाने ठरविले आणि निष्कर्ष उंदरांच्या प्लीहेतील पेशीसमूहांशी ताडून पाहिले. आजही याच तत्त्वावर संगणक हजारो काल्पनिक वाटचाली मांडतो व रुग्णाच्या मोजणीशी जुळणाऱ्या तेवढ्या स्वीकारतो. त्यावरून रुजलेल्या पेशींची संख्या अंदाजता येते. एखाद्या वंशाची वाढ केवळ योगायोगाची की धोक्याची, हेही पारखता येते.

मिलान येथील रुग्णांचा असाच मागोवा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीच्या महिन्यांत रक्तनिर्मितीचा भार अल्पायुषी पूर्वज पेशी वाहतात. दीर्घजीवी मूलपेशी तो नंतर उचलतात, असे त्यातून दिसले. म्हणूनच उपचाराच्या यशाचा निर्णय पहिल्या काही महिन्यांच्या तपासणीवरून देणे योग्य नव्हे.

विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारावरील दोन जनुकोपचारांना अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यांपैकी विषाणूवाहक वापरणाऱ्या उपचारासोबत रक्ताच्या कर्करोगाचा इशारा जोडलेला आहे. अशा रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवणे अपरिहार्य आहे. संगणक वैद्याची जागा घेत नाही. कोठे व केव्हा पाहावे, हे तो वैद्यास वेळीच सुचवितो.