मूत्रपिंडातील जमाखर्च

दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडांत गाळला जातो, आणि तरीही शरीराबाहेर पडते ते जेमतेम दीड लिटर मूत्र. बाकीचा सगळा ऐवज ज्या सूक्ष्म नलिका वसूल करून रक्ताच्या खजिन्यात पुन्हा जमा करतात, त्यांची कामगिरी हृदयाच्या ठोक्यांसारखी कानी पडत नाही, म्हणूनच बहुधा ती उपेक्षित राहिली. नलिकेच्या आरंभीच्या नागमोडी भागातच सोडियम व पाणी यांचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा आणि जवळजवळ सर्व ग्लुकोज परत घेतले जाते; सोडियम ओढून नेण्यास पेशींना ऊर्जा खर्चावी लागते, पाणी मात्र त्याच्यामागून मुकाट्याने जाते. मधुमेहात साखरेची आवक या वसुलीच्या आवाक्यापलीकडे गेली, की ती मूत्रात उतरते आणि आपल्यासवे पाणीही नेते; रोग्याची न भागणारी तहान उद्भवते ती यातूनच. पुढे व्यवहार उलटाही चालतो: पोटॅशियम आणि हायड्रोजन यांचे आयन रक्ताकडून नलिकेत सोडले जातात, आणि पोटॅशियमच्या या रवानगीवर अल्डोस्टेरोन या संप्रेरकाचा हुकूम चालतो. पाण्याचा अखेरचा निकाल संग्राहक नलिकांत लागतो. शरीर तहानले असता मेंदूतून आलेले व्हॅसोप्रेसिन तेथे पाण्याच्या वाटा उघडते, आणि मूत्र थोडे व गडद होते. मद्याने हेच संप्रेरक रोखले जाते, म्हणून मद्यपान करणाऱ्यास वारंवार उठावे लागते.