पावसाळा आणि सायकलचे छर्रे

भोर-वेल्हे भागात सायकलने शाळेत जाणाऱ्यांना पावसाळ्याचे वर्णन सांगायला नको. सह्याद्रीच्या माथ्याकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. रस्त्यावरून ओढे वाहतात, चाके चिखलात रुततात. पुढे ऊन पडते, रस्ते वाळतात. पण सायकल मात्र जड चालू लागते आणि चाकातून करकर आवाज येतो. पाऊस तर संपला, मग हे का?

चाकाच्या मध्यभागी हब असतो. त्याच्या दोन्ही टोकांना आतून पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. मधल्या आसावर दोन कोन असतात. वाटी आणि कोन यांच्यामध्ये गोल छर्रे फिरतात. आपल्या नेहमीच्या साध्या सायकलीत पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूस १० आणि मागच्या चाकाला ९ छर्रे असतात. वस्तू घासत नेण्यापेक्षा घरंगळत नेणे सोपे. हेच तत्त्व येथे वापरले आहे. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलसाठी अशा छऱ्यांचे पेटंट घेतले.

छर्रा वाटीला जवळजवळ एका बिंदूतच टेकतो. त्यामुळे सारा भार त्या चिमुकल्या जागेवर येतो. तेथे पोलाद पोलादावर घासू नये म्हणून ग्रीस लागते. ग्रीस म्हणजे विशिष्ट साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल.

आता ओढ्यात काय होते ते पाहा. उन्हात तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकुंचन पावते आणि फटीतून पाणी आत ओढले जाते. चाक फिरताना ते ग्रीसमध्ये घुसळले जाते. ग्रीस पांढरट व पातळ होते. उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढतो. गंजाचे कण आणि चिखलातील बारीक रेव मिळून पॉलिशपेपरसारखे काम करतात. बाहेरचे रस्ते वाळले तरी हबमधले पाणी आतच राहते, म्हणून झीज पावसानंतरही चालू असते. उन्हाळ्यात शत्रू वेगळा : बाहेर आलेल्या ग्रीसला धूळ चिकटते. आपल्याकडची थंडी मात्र छऱ्यांना फारशी बाधत नाही.

म्हणून हब वर्षातून दोनदा उघडावा : एकदा मे महिन्यात, एकदा दसऱ्याच्या सुमारास. हब पाण्यात बुडाला असेल, तर दसऱ्याची वाट पाहू नये. वरून तेल सोडणे हा उपाय नव्हे; पातळ तेलाने उरलेले ग्रीसही वाहून जाते.

एक परीक्षा घरीच करा. सायकल उलटी ठेवा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह आडव्या रेषेत आणून चाक सोडून द्या. छर्रे चांगले असतील, तर चाक लंबकाप्रमाणे झुलून हळूहळू थांबेल. मग चाकाची रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर कोन सैल आहे. चाक झुलतच नसेल, तर कोन फार आवळलेला आहे किंवा आत घाण आहे.

हब उघडताना वडीलधाऱ्यांची किंवा सायकल दुकानदाराची मदत घ्या. छर्रे मोजून ठेवा. सारे भाग रॉकेलने धुवा. जवळ विस्तव नको. एक जरी छर्रा खड्डे पडलेला दिसला, तरी त्या बाजूचे सर्व छर्रे बदला. नवे ग्रीस भरा. कोन असा आवळा की चाक खडखडणार नाही आणि अडणारही नाही.

छर्रे स्वस्त असतात. पण वाटी खराब होऊन हबच बदलावा लागला, तर साध्या सायकलीच्या मागच्या चाकाचे ४० आरे काढून पुन्हा बसवावे लागतात. तेवढे दिवस शाळेची वाट पायीच तुडवावी लागते!