एकच पेपर, मार्क किती?

निकाल लागला की वर्ध्यापासून हिंगणघाटपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर एक सिद्धांत हमखास ऐकू येतो. सरांनी म्हणे पेपरांचा गठ्ठा पंख्याखाली ठेवला आणि पंखा पाचवर केला. जो पेपर लांब उडाला त्याला साठ, जो पायाशी पडला त्याला बत्तीस! बॅक राहिलेला पोरगा हे रंगवून सांगतो, बाकीचे हसतात. पण हा सिद्धांत खरोखरच तपासून पाहावा, असं कुणाच्या डोक्यात आलं असेल का? आलं होतं, आणि तेही सव्वाशे वर्षांहून आधी. जे निघालं ते वाचलं की पंखा त्यामानाने सभ्य वाटायला लागतो.

फ्रान्सिस एजवर्थ नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होता, संख्याशास्त्राने झपाटलेला. 1888 आणि 1890 साली त्याने परीक्षांमधल्या योगायोगावर निबंध लिहिले. त्याने काय केलं? लॅटिन गद्याचा एकच नमुना 28 जाणत्या परीक्षकांपुढे ठेवला. शंभरपैकी मार्क द्या म्हणाला. कुणी 45 दिले, कुणी पूर्ण 100! कागद तोच, शब्द तेच, तपासणारे सगळे आपापल्या विषयात मुरलेले.

तुम्ही म्हणाल, भाषेचा पेपर आहे, रसिकतेचा प्रश्न आला. गणितात असं कसं होईल? अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांना नेमकी हीच शंका आली. 1913 मध्ये त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांना पाठवली. मार्क आले 28 पासून नव्वदीच्या पुढे. भूमिती! जिथे त्रिकोण एकतर सिद्ध होतो, नाहीतर होत नाही. पण एकाने आकृती गचाळ म्हणून कापले, दुसऱ्याने रीत बरोबर म्हणून दिले, तिसऱ्याने उत्तर चुकलं की रीत बघितलीच नाही.

आता त्याहून पुढची गंमत. दोन माणसांत मतभेद व्हायचेच, पण एकाच माणसाचं स्वतःशी तरी पटतं का? फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका 14 परीक्षकांना दिल्या होत्या. वर्ष-दीड वर्ष जाऊ दिलं. मग त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांकडे पुन्हा नेल्या. एकूण निवाडे 210. त्यातले 92 बदलले! पासाचा नापास, नापासाचा पास, साध्या पासाचा चांगला पास. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस निवाडे त्याच माणसाने फिरवले, आणि यात कुणीही बदमाश नव्हता.

हा हार्टोग आपल्याला परका नाही. ढाका विद्यापीठाचा पहिला कुलगुरू तो. 1931 मध्ये लंडनच्या भाषणात गांधीजी म्हणाले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वी भारतात साक्षरता जास्त होती, तेव्हा पुरावा मागायला उठलेला गृहस्थ हाच. मग दोघांची पत्रापत्री सुरू झाली आणि 1939 पर्यंत तिचे धागे पोचले. तोवर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले होते. त्याचं सेवाग्राम व्हायला अजून वर्ष होतं. वाद होता गावोगावच्या जुन्या शाळांचा, परीक्षांचा नव्हे. तरी परीक्षकाच्या लहरीला आकडा लावणाऱ्या माणसाशी झालेल्या या वादाचं एक टोक आपल्या जिल्ह्यात असावं, हे मला फार आवडतं.

आणि वर्ध्याचं स्वतःचं उत्तर त्याआधीच तयार होतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष. तिथून झाकीर हुसेन समिती निघाली, तिच्यातून नई तालीम. या समितीने रूढ परीक्षापद्धतीला शिक्षणावरचा शापच ठरवलं. पण नुसती शिवी देऊन ती थांबली नाही. तिने सुचवलं की एखाद्या भागातल्या शाळांतून काही मुलं निवडा, निरीक्षकांकडून त्यांची पारख करून घ्या आणि तेवढ्या नमुन्यावरून शाळेचं काम कसं चाललंय ते ठरवा. काय उलथापालथ आहे बघा! परीक्षा मुलाची घ्यायची नाही, शाळेची घ्यायची. ते झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग चूक शिरते कुठून? हिंगणघाटच्या बाजारात कापूस काट्यावर चढतो तेव्हा काटा खरा की खोटा हे पाहायला प्रमाणित वजन असतं. मार्काला असं वजनच नाही. परीक्षक स्वतःच काटा, आणि तो काटा आधी ठेवलेल्या मालाने हलतो. चार भिकार पेपरांनंतर आलेला बरा पेपर उत्तम वाटतो, तोच पेपर चार उत्तम पेपरांनंतर आला की सुमार. अक्षर सुवाच्य असेल तर विचारही स्पष्ट भासतो. पहिलं उत्तर झकास असलं की पुढच्या तीन उत्तरांना त्याची पुण्याई पुरते. म्हणून तर पहिला प्रश्न जीव ओतून लिही असं घरातले मोठे सांगत आले. त्यांनी प्रयोग केले नव्हते, पण निष्कर्ष बरोबर काढला होता.

इथे एक भेद नीट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. उत्तरपत्रिकेत दोन जातींच्या चुका राहतात. एक मताची: 6 द्यायचे की 8? दुसरी हातची: बेरीज चुकली, आतल्या पानावरचे 5 मार्क पहिल्या पानाच्या चौकटीत चढलेच नाहीत, पुरवणी उलटून पाहिलीच नाही, प्रश्न 4 ब वर लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. पहिल्या चुकीवर वाद घालता येतो. दुसरीवर बोट ठेवता येतं. फक्त त्यासाठी उत्तरपत्रिका डोळ्यांनी दिसायला हवी ना?

आणि ती आपल्याला दिसत नव्हती! 1984 मध्ये महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नियमात तरतूद नसेल तर उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा फेरतपासणीचा हक्क विद्यार्थ्याला नाही. परीक्षेला कुठेतरी शेवट हवा, हा युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला निकाल त्यामुळे उलटला. पुढे 2005 मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला, आणि बंगालमधल्या एका विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला: मी लिहिलेला, तुम्ही तपासलेला कागद ही ‘माहिती’ आहे की नाही? 9 ऑगस्ट 2011 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, फेरतपासणी मागता येईलच असंही नाही, पण स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येईल, तिची प्रत घेता येईल. ज्या देशात दीडशेहून जास्त वर्षांपासून लोक विद्यापीठांच्या परीक्षा देतायत, तिथे आपलाच पेपर बघायचा हा हक्क इतका कोवळा आहे.

म्हणून माझं ऐकाल तर आधी झेरॉक्स घ्या, मग रिव्हॅल टाका. पोरं नेमकं उलटं करतात. कधी कधी तर आत काय आहे ते न बघताच पैसे भरतात. विद्यापीठाच्या नियमात छायांकित प्रत, फेरमोजणी आणि पुनर्मूल्यांकन या वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीची मुदत परिपत्रकात दिलेली असते, ती फार थोड्या दिवसांची असते. माहिती अधिकारातूनही प्रत मागता येते: 10 रुपयांचा अर्ज, पानाला 2 रुपये. फक्त उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि तोवर रिव्हॅलची खिडकी बंद झालेली असते. अर्ज कुठे करायचा हेही आपल्या जिल्ह्यात सरळ नाही. आर्वीच्या बी.ए.वाल्याचं विद्यापीठ नागपूरला, सेवाग्रामच्या एमबीबीएसवाल्याचं नाशिकला, वर्ध्याच्या बजाज इन्स्टिट्यूटमधल्या इंजिनिअरचं थेट रायगडातल्या लोणेऱ्याला!

रिव्हॅलमध्ये मार्क वाढले की लोक दोनच अर्थ काढतात: आधीचा परीक्षक गाढव होता किंवा नंतर पैसे चालले. दुसरा संशय विदर्भात हवेतून आलेला नाही; 1999 मध्ये नागपूर विद्यापीठात बोगस गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा घोटाळा उघडकीला आला होता. पण एक तिसरं कारण आहे, पूर्ण निष्पाप आणि भलतंच सुंदर. समजा, प्रत्येक मार्कात पाच-दहाची नैसर्गिक चूक आहे. निम्म्यांना ती वर ढकलते, निम्म्यांना खाली. रिव्हॅल कोण टाकतो? ज्याला खाली ढकललं तो. ज्याला फुकटचे सात मिळाले तो पेढे वाटतो. दुसऱ्यांदा तपासताना चूक पुन्हा नव्याने पडते, ती त्याच बाजूला पडेलच असं नाही. त्यामुळे अर्जदारांचे मार्क सरासरीने थोडे वर सरकणारच. कुणीही काहीही खाल्लेलं नसताना!

याच हिशेबातून उपायही निघतो. दोन परीक्षकांनी एकमेकांचे आकडे न बघता तपासलं आणि सरासरी घेतली, तर 10 मार्कांची चूक साधारण 7 वर येते. चौघांनी तपासलं तर 5 वर. परीक्षक चौपट केले तेव्हा कुठे चूक अर्धी झाली! दर सत्राला लाखो उत्तरपत्रिका असणाऱ्या विद्यापीठाला हे परवडत नाही, एवढंच.

मग संगणक? 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेही परीक्षा तोंडावर आल्यावर. कल्पनेत खोट नव्हती. बेरजेची चूक संगणक करत नाही आणि पान उलटायचं राहून गेलं तर तो अडवू शकतो. पण पानं आणि उत्तरपत्रिका यांची अशी सरमिसळ झाली की निकाल महिनोन्‌महिने रखडले. कायदा म्हणतो, निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं. हातची चूक गेली आणि तिच्या जागी यंत्रणेची आली.

हे झालं मार्कांचं. शिकवणंच वाईट असेल तर? मार्कांना निदान कागद असतो, शिकवण्याला काय पुरावा? मुलांना विचारावं, असं वाटतं. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत दहा हजारांवर विद्यार्थ्यांवर हे पाहिलं गेलं. कॅरेल आणि वेस्ट यांचा अभ्यास 2010 मध्ये आला. तिथे कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच. काही प्राध्यापकांचे विद्यार्थी त्या वर्षी भरघोस मार्क मिळवत आणि सरांना खुशीने वरचा शेरा देत. पण पुढच्या वर्षीच्या गणितात हेच विद्यार्थी मागे पडत! आणि ज्यांच्या नावाने मुलं बोटं मोडत, त्यांचे विद्यार्थी पुढे सरस ठरत. कंटाळवाणा मास्तर आणि वाईट मास्तर हे एकच नव्हेत.

आपल्याकडे मात्र प्रश्न बऱ्याचदा याच्याही अलीकडचा असतो. वर्गावर मास्तर आहे का? पूर्णवेळ जागा रिकाम्या, आणि त्या ठिकाणी सीएचबीवरचा प्राध्यापक, तासाच्या हिशेबाने पैसे घेणारा, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात एसटीने धावणारा. त्याला दोष देणं सोपं आहे, मला ते जमत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या तक्रार निवारण नियमांत मार्कांच्या आणि शिकवण्याच्या तक्रारींना जागा आहे आणि ती नीट वाचली तर चकित व्हायला होतं. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात एक विद्यार्थी निमंत्रित हवा, समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर वर लोकपाल. तो निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. मूल्यमापनातली अपारदर्शकता, निकालातली दिरंगाई, शिक्षणाचा दर्जा, सगळं तक्रारीत बसतं. पण ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय लोकपालाला फेरतपासणीच्या अर्जात हात घालता येत नाही. ‘मला 8 मिळायला हवे होते’ याला तिथे दार बंद. ‘प्रश्न 4 ब तपासलाच नाही, ही बघा झेरॉक्स’ याला उघडं. तसंच ‘सर शिकवत नाहीत’ हा अर्ज फायलीत झोपी जातो. वेळापत्रकाची प्रत, झालेल्या आणि न झालेल्या तासांच्या तारखा, अभ्यासक्रमातल्या राहिलेल्या घटकांचे क्रमांक आणि दहा-बारा जणांच्या सह्या असलेला अर्ज आवक क्रमांक घेऊन दिला, तर त्यावर समितीला काहीतरी लिहावंच लागतं.